बिनतर्रीचा गंज

आमच्याकडे पुरुष वर्षातून एकदा रांधतात आणि उरलेलं वर्षभर त्याचं कौतुक ऐकतात. ते एकदाचं रांधणं म्हणजे वावरातले रोडगे. हिवाळ्यात सोयाबीन घरी आलेलं असतं, तूर अजून उभी असते, तेव्हा आसेगावजवळच्या आमच्या शेतात कडुलिंबाखालच्या शेंदरी दगडासमोर सारं गाव जेवायला बसतं. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, ते रोडगे. आणि सोबत वांग्याची भाजी, माणूस बसेल एवढ्या गंजात शिजवलेली. पातेल्याला आम्ही गंज म्हणतो. त्या दिवशी बायकांनी चुलीला हात लावायचा नसतो. का, असं मी लहानपणी विचारलं होतं. देवाले चालत नाही, असं उत्तर मिळालं. मग बाकीचे दिवस देवाला कसं चालतं, असं विचारल्यावर मला लसूण सोलायला बसवण्यात आलं.

ही तक्रार आधीच नोंदवून ठेवते, कारण पुढे ज्या माणसाबद्दल अभिमानाने लिहिणार आहे तो याच पुरुषांपैकी एक. माझे वडील. त्या गंजासमोर सराटा, म्हणजे लांब दांड्याची पळी, घेऊन तेच उभे राहत आले आहेत. मला आठवतं तेव्हापासून दुसरं कोणी उभं राहिलेलं नाही. आमच्या भाजीची तर्री, म्हणजे वर तरंगणारा लाल तेलाचा थर, आजूबाजूच्या गावांत नावाजलेली. आमच्या मुलखात भाजीची प्रतिष्ठा तर्रीवर ठरते. पाहुण्याला बिनतर्रीची भाजी वाढणं म्हणजे तुमची बस किती वाजता आहे, असं विचारणं.

या भाजीचा एक नियम आहे. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत ती चाखायची नाही. म्हणजे दोनशे माणसांची भाजी न चाखता करायची. बाबा म्हणत, "मीठ वाफेत समजते." मी मंगरूळपीरच्या एका शाळेत सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि मिठाला वास नसतो हे दर वर्षी सांगितलं. पण बाबांची भाजी कधी अळणी झाली नाही की खारट झाली नाही. कारण वाफेत नव्हतं. ते सात मुठी मीठ टाकत. त्यांची मूठ हेच माप होतं, आणि ते माप इतक्या वर्षांत हललं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात अकोल्याला बाबांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. वीतभर आतडं काढलं. सुट्टी मिळाल्यावर ते गावी न जाता मंगरूळपीरला माझ्याकडे आले. मी एकटी राहते, निवृत्त आहे, दवाखान्याला जायला बस दारात मिळते. डॉक्टर फार बोलणारे नव्हते. तिखट नाही, तळलेलं नाही, कांदा-लसूण नाही, कच्चं काही नाही. भाज्या साल-बिया काढून, अगदी मऊ शिजवून, थोड्या थोड्या, दिवसातून पाच वेळा. ऑपरेशनआधी एकसष्ट किलो असलेले बाबा तेव्हा सत्तेचाळीस किलोचे होते. मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "चव्वेचाळीसच्या खाली गेले तर पुन्हा भरती करावं लागेल. मग नळीनं द्यायचं."

नळीची गोष्ट मी बाबांना सांगितली नाही. त्यांनी ती ऐकली होती, हे मला नंतर कळलं.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी एक गुळगुळीत रंगीत कागद दिला होता. पहिल्या ओळीत ब्रोकोली, दुसरीत झुकिनी, आणि तिसरीत एका पाल्याचं नाव, ज्याचा उच्चार बाईंनाही एका दमात करता आला नाही. वर एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र. त्याचे दात पाहता तो आमच्या जिल्ह्यातला नसावा. तरी मी कागद घेऊन आठवडी बाजारात गेले, कारण छापील गोष्टीवर विश्वास ठेवायची शिक्षकांना खोड असते.

"ब्रोकोली हाय का?" मी नेहमीच्या भाजीवालीला विचारलं.

"थे हिरवी गोबी का? थे लगनात भेटते, बाई. कोनाचं लगन हाय?"

"कोनाचं नाही. बाबाले पथ्य हाय."

"मंग पथ्याले हिरवी गोबी कायले पाहिजे? आजाऱ्याले गोबी देता का? पोट फुगून मरन तो." तिने माझ्या पिशवीत न विचारता अर्धा किलो ढेमसं टाकली. "हे घेऊन जा. आन थो कागद घरी ठेवून येत जा, पान्यात भिजन."

पुढे जे शिकलो त्याची सुरुवात तिथे होती. पण मी तेव्हा ती ओळखली नाही. घरी येऊन मी ढेमसं, गाजर आणि दुधी एकत्र कुकरमध्ये घातले, चवीपुरतं मीठ टाकलं, आणि चार शिट्ट्या केल्या. माझा स्वयंपाक पोटापुरता असतो, नाव घेण्यासारखा कधी नव्हता. एकटीला चालतं.

बाबांनी ताटाकडे पाहिलं. "हे काय होय?"

"भाजी."

"भाजी होय का धुनं होय? नीळ टाकाची राह्यली तेवढी."

त्यांनी दोन चमचे खाल्ले आणि ताट सरकवलं. म्हणाले, पोट भरलं. दुसऱ्या दिवशीही भरलं, तिसऱ्या दिवशीही. मी भाज्या बदलल्या, शिट्ट्या बदलल्या. पोट दोन चमच्यांतच भरत राहिलं. शेजारी राहणारी माझी जुनी सहकारी म्हणाली, म्हाताऱ्या माणसांची भूक अशीच जाते. पण संध्याकाळी गावाहून माझ्या भावाचा फोन आला की बाबांचा आवाज मोठा व्हायचा. "वांगे कसे आले? कीड पडली का? आन मिरच्या?" ज्याची भूक गेली तो माणूस वांग्यांची एवढी चौकशी करत नाही. बाबा उपाशी होते. पण ज्या माणसाने दोनशे जणांना तर्री वाढली त्याने उकडलेला दुधी खाणं, म्हणजे आपण आता पाहुणे नाही आणि यजमानही नाही, फक्त रोगी आहोत, हे कबूल करणं. ते त्यांना जमत नव्हतं. आणि काटा सांगत होता, साडेपंचेचाळीस.

एका सकाळी मी कुकरचं झाकण लावत होते. मागे भिंतीला धरून बाबा उभे.

"सरक."

"बाबा, तुमी बसा. चक्कर येईन."

"बसूनच करतो. नळीनं नाही जेवाचं मले. खुर्ची आन. आन थे कुकर उचल तिथून. शिट्टी म्हंजे भाजीले धमकी हाय. धमकीनं शिजते, मऊ नाही होत."

मी खुर्ची आणली. त्यांनी ढेमशाची साल विळीने न काढता सुरीच्या पाठीने खरवडली, हिरवट रंग राहील एवढीच. चार फाका केल्या, मधल्या बिया बोटाने काढल्या, मग एकेका फाकेचे तुकडे. मला वाटलं होतं, ते एका ढेमशात थकतील. त्यांनी पाच केली, आणि मधे दोनदा थांबले. मग जाड बुडाच्या छोट्या गंजात चमचाभर तूप, जिरं, हिंग, किसलेलं आलं. हळद अगदी नावाला. त्यावर ढेमसं आणि तासभर भिजलेली मुगाची डाळ. गॅस इतका बारीक की मी दोनदा विझला का ते पाहिलं. वर ताट झाकलं आणि ताटात पाणी ओतलं. ते पाणी गरम झालं की थोडं आत, ताटात पुन्हा नवं.

"थंड पानी टाकलं की भाजी अकडते," ते म्हणाले. "तुह्या मायनं हे मले सांगतलं होतं. म्या तवा आयकलं नव्हतं."

माझी आई जाऊन आता नऊ वर्षं झाली. तिच्या भाजीची गावात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. ती रोज होती.

शेवटी बाबांनी चिमूटभर मीठ टाकलं आणि थोडा सांबार. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि दक्षिणेकडचे पाहुणे त्यामुळे घोटाळ्यात पडतात. पाऊण तासाने झाकण काढलं. ढेमसं विरघळायच्या बेतात होती, पण तुकडे तुकड्यांसारखे दिसत होते. बाबांनी वाटीभर खाल्लं. सोबत मऊ भात. मी समोर बसून विद्यार्थी पेपर लिहिताना त्यांच्याकडे पाहायचे तसं पाहत होते.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

"आन पोट?"

त्यांनी थोडा वेळ ऐकल्यासारखं केलं. "चूप हाय."

त्या दिवसापासून माझ्या स्वयंपाकघरातली माझी नोकरी सुटली. मी चिरून देणारी, आणून देणारी, आणि निकाल ऐकणारी झाले. पहिले आठ-दहा दिवस रोज मीठ कमी पडायचं. बाबा म्हणत, औषधांनी जीभ मेली. मग ते चिमूट जराशी वाढवत, आणि हळूहळू ती बरोबर बसली.

पोटाचा निकाल ते हवामानासारखा सांगत. मेथी खाल्ली त्या दिवशी ढगाळ. पत्ताकोबी मी हट्टाने दिली, तेव्हा दिवसभर आत ढोल वाजले आणि दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दुधी म्हणजे निरभ्र आकाश. त्याला ते लवकी म्हणतात, आणि कधी मूग घालून, कधी किसून ताकाच्या पातळ कढीत, कधी नुसती जिऱ्यावर करत. लाल भोपळा, आमचं कोहळं, आल्याबरोबर शिजून आपोआप गोड होतं. त्यात त्यांनी गूळ टाकला तेव्हा मी हरकत घेतली, पण माझी हरकत चूक निघाली. दोडका शिरा खरवडून. पालक देठ काढून, बारीक घोटून, डाळीच्या पाण्यात. गाजर मऊ होईपर्यंत शिजवून मग मोडून, त्यात लिंबाचे चार थेंब. सकाळी ज्वारीच्या कण्या, पातळ, त्यात दुधीचा कीस. कांदा-लसूण नाही म्हटल्यावर चव कशी येणार, असं मला वाटलं होतं. आलं, जिरं, हिंग आणि वेळ एवढ्यावर ती येते. वेळ हा मसाला कोणत्याच रंगीत कागदात नव्हता.

तिसऱ्या महिन्यात काटा पन्नासावर आला. डॉक्टरांनी आहारतज्ज्ञ बाईंचं नाव घेऊन समाधान व्यक्त केलं. बाबा खुर्चीतून म्हणाले, "त्या बाईले सांगजा, ढेमसं लिवून ठेव म्हना कागदावर." डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत.

मग भावाचा फोन आला. रोडग्यांचा दिवस ठरला होता, आणि त्याने आचारी सांगितला होता.

"ताई, बाबाले जमणार नाही," तो म्हणाला. "माजी सरपंचबी म्हणाले, यंदा आचारी आना, शोभा राहीन. भाजीसंग पनीर ठेवा म्हणाले."

आमच्या गावात सरपंच पाच वर्षांनी बदलतात, माजी सरपंच हे पद मात्र कायमचं आहे. त्यांना पंगतीत खुर्ची लागते आणि जेवणाआधी दोन शब्द बोलायला लागतात. ते दोन शब्द मी मोजत नाही.

बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. "देवाले पनीर कदी पाह्यलं हाय का रे? मी येतो. वांगे तोडून ठेवजो."

फोन ठेवल्यावर मात्र ते पुन्हा दुधी किसायला बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "रांधतो. पन पंगतीत नाही बसत."

रोडग्यांची रीत अशी की रांधणारा शेवटच्या पंगतीला बसतो. तो जेवला की जेवण पार पडलं. बाबांनी ते कधी चुकवलं नव्हतं.

"मी तुमचा डब्बा आनतो नं," मी म्हणाले.

"वावरात डब्बा उघडून बसू का? साऱ्या गावासमोर? लोक म्हणतीन, स्वतःची भाजी याले पचत नाही आन आमाले खाऊ घालून राह्यला."

"मंग तिथंच करा. दुसरी चूल मांडा, लहान गंज ठेवा."

"बिनतर्रीची भाजी देवासमोर ठेवू?"

"देवाचंबी वय झालं असन, बाबा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता पुन्हा लसूण सोलायला बसवतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चार लवक्या लागतीन. आन एक कोहळं. दहा-बारा जनाचा गंज भरला पाहिजे. देवासमोर रिकामं भांडं बरं नाही दिसत."

त्या दिवशी वावरात धूर, गोवऱ्यांचा वास आणि पुरुषांचा गोंगाट होता. वर्षातून एकदा रांधणारे लोक रांधताना फार ओरडतात. बाबा एका खाटेवर बसून हुकूम देत होते आणि मधून मधून उठून गंजाशी जात होते. बाजूच्या लहान चुलीवर दुसरा गंज मंद आचेवर. येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे पाहत होता.

"हे कोनासाठी, काका? लहान पोरांसाठी?"

"देवासाठी," बाबा म्हणत, आणि झाकणाच्या ताटात पाणी ओतत.

दुपारी मीठ टाकायची वेळ आली. बाबांनी मोठ्या गंजाच्या वाफेवर चेहरा नेला, डोळे मिटले, आणि पिशवीत हात घालून सात मुठी मोजल्या. मग लहान गंजात चिमटीने, रोजच्यासारखं. मी पाहत होते आणि मला काहीही खटकलं नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईला खटकायला हवं होतं.

नैवेद्य दोन्ही गंजांचा दाखवला गेला. पहिली पंगत बसली, माजी सरपंचांना खुर्ची मिळाली. त्यांचे दोन शब्द अन्नदान, परंपरा आणि मातीची चव यांवरून फिरून शेवटी बाबांच्या हातावर आले. "असा हात जिल्ह्यात नाही!" मग जेवण सुरू झालं. भाजीवर तर्री अशी की ताटात सूर्य उतरावा. पहिला घास गेला.

पंगतीतले हात ताटावरच थांबले. मग माजी सरपंच म्हणाले, "वा!" आणि पाठोपाठ सगळे, "वा, वा. मस्त जमली, काका."

बाबा सराटा हातात घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. मला आधी कळलं नाही. कौतुक ऐकून माणसाचा चेहरा का उतरावा? पण इतकी वर्षं त्या पंगतीत कोणी वा म्हटलं नव्हतं. चांगली भाजी असली की लोक नुसतं ताट पुढे करतात. वा म्हणायची वेळ आली म्हणजे काहीतरी झाकायचं आहे.

"मीठ कमी हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही, नाही, काका. बरोबर हाय."

"एकदम बरोबर," माजी सरपंच खुर्चीतून म्हणाले.

नैवेद्य झाला होता, आता चाखायला मुभा होती. बाबांनी सराट्यावरचा एक थेंब तळहातावर घेतला आणि जिभेला लावला. डॉक्टरांनी तिखटाला मनाई केली होती. मी पुढे झाले, पण थेंबच होता तो. मग त्यांनी हात खाली घेतला, मूठ वळली, आणि त्या मुठीकडे पाहत राहिले. मीही पाहिलं. बोटांमधे फटी पडल्या होत्या. तळव्याचं मांस गेलं होतं. ती मूठ अकरा किलोंनी लहान झाली होती, आणि ते माप आम्ही दोघांनीही तपासलं नव्हतं. माझ्याकडे आठ-दहा दिवस मीठ कमी पडलं तेव्हा दोष जिभेला दिला होता. जीभ ठीक होती. चिमूट बाबांनी रोज चाखून नव्याने शिकून घेतली होती. मूठ जुनीच समजून चालले होते.

माझा भाऊ हळूच म्हणाला, "राहू द्या, बाबा. लोक खाऊन राह्यले."

आणि मला वाटलं, ते राहू देतील. या माणसाने आयुष्यात कोणासमोर चूक कबूल केल्याचं मी पाहिलं नव्हतं. पेरणी चुकली की बियाणं वाईट, बैल अडला की रस्ता वाईट. दोनशे माणसं वा म्हणत होती. कोणीही त्यावर जेवण पार पाडलं असतं, आणि त्यांना दोष देता आला नसता.

बाबांनी पाणी गरम करायला लावलं, त्यात मीठ विरघळवलं, आणि ते गंजात फिरवायला भावाला सांगितलं. मग एका वाटीत मीठ घेतलं आणि स्वतः पंगतीत उतरले. एका हाताने माझा खांदा धरलेला, दुसऱ्या हातात वाटी. पहिल्या पानापाशी थांबून म्हणाले, "माही मूठ लहान झाली, बावा. मीठ घे."

दुसऱ्या पानापाशीही तेच. तिसऱ्यापाशीही. कोणाला वाईट वाटावं अशा आवाजात नाही. पाऊस कमी झाला हे सांगावं तसं. पाचव्या-सहाव्या पानापर्यंत लोक सैलावले होते.

"मले वाटलं, माहीच जीभ गेली," एक जण म्हणाला.

"मंग वा काहून म्हणत होता?"

"सरपंच म्हणाले नं."

खुर्चीपाशी पोहोचल्यावर बाबांनी वाटी पुढे केली. "घ्या. एकदम बरोबर हाय, पन घ्या." माजी सरपंचांनी दोन चिमटी घेतल्या. पंगत हसली, आणि मिठासह भाजी मागू लागली. ताटं पुढे येत होती, आणि कोणी वा म्हणत नव्हतं.

त्यानंतर बायकांची पंगत बसली. आमच्या शेतात निंदणाला येणारी एक म्हातारी बाई ताट धरून म्हणाली, "काका, त्या लहान्या गंजातली टाक मले. माहं पोट चार सालापासून जळून राह्यलं. तर्री खाल्ली की पानी पेत बसतो रातभर."

"मंग दर साली कायले खात होती व?"

"नाही कशी म्हनू? देवाचं जेवन हाय."

बाबांनी स्वतः तिला लवकी-मुगाची भाजी वाढली. तिने रोडगा चुरून त्यात कालवला. मग तिच्या शेजारणीने ताट पुढे केलं. मग उठून हात धुतलेले दोन पुरुष परत आले, नुसती चव पाहायला, असं म्हणत. एकाच्या खिशातून आम्लपित्ताच्या गोळ्यांचं पाकीट डोकावत होतं; रोडग्यांना तो दर वर्षी ते घेऊन येतो, असं त्याने कबूल केलं. मग असं निघालं की निम्म्या गावाच्या खिशात काहीतरी असतं. इतकी वर्षं एकमेकांच्या तर्रीची लाज राखत सगळे घाम पुसत होते, आणि घरी जाऊन सोडा पीत होते. शेवटी माजी सरपंच माझ्याजवळ आले आणि गाडीकडे पाहत हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, थोडी त्यातली असन तं... डब्यात." मी डबा भरून दिला. मोठेपणालाही आतडं असतं.

शेवटची पंगत बसली तेव्हा लहान गंजात दीड सराटा भाजी उरली होती. भाऊ माझ्या कानाशी म्हणाला, बाबाले पुरन का? पुरणार होती. बाबा जमिनीवर बसले, खुर्ची नाही, खाट नाही. मी रोडगा फोडला, वरचं करपलेलं कवच काढून आतला मऊ भाग तुपात चुरला, आणि त्यावर ती भाजी घातली. त्यांच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला ती निंदणाची बाई; तिला पुन्हा भूक लागली होती. बाबांनी साऱ्या गावासमोर बिनतर्रीची भाजी खाल्ली. सावकाश, सगळी. बोटं चाटली. जेवण पार पडलं.

मी वाट पाहत होते. तासाभराने, गंज घासले जात असताना, विचारलं.

"चूप हाय," ते म्हणाले, आणि वर, "थकून चूप झालं. लोकाईचं आयकून."

मग त्यांनी मिठाची उरलेली पिशवी मागितली, आणि एक पितळी वाटी. ही वाटी आईची. तिच्यात पूर्वीच्या दोन मुठी मीठ बरोबर काठापर्यंत बसायचं, हे त्यांना माहीत होतं. आई त्या वाटीनेच मीठ मोजायची, आणि बाबा तिला हसायचे. त्यांनी मूठ भरून वाटीत टाकली. मग दुसरी. वाटी भरली नाही. तिसरीतलं अर्ध्याहून जास्त गेलं तेव्हा काठ आला. त्यांनी ते पुन्हा रिकामं केलं, पुन्हा मोजलं, ओठ हलवत हिशोब केला, आणि गंज घासणाऱ्या माझ्या भावाला हाक मारली.

"ध्यानात ठेवजो. पुढच्या साली नऊ मुठी." मग त्यांनी बोटं उघडून-मिटून पाहिली. "आन लवक्या आठ आनजो. चारमधी भागत नाही."